सतरा वेळा

मे महिन्यात गोळीबार चौकात
कूलरचं पाणी दुपारी दोनलाच संपतं.
तेव्हाच इंदुमतीबाई धापोडकर आल्या,
ॲक्टिव्हावर दोन पायांच्या मधे सीपीयू उभा धरून,
काठ कापून घेतलेल्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला.
"सुरूच नाही होऊन राहिला जी.
सकाळपासून सतरा वेळा बटन दाबलं."
सतरा.
मनात म्हटलं, बाई, सोळा वेळा जास्त.

आधी स्वस्तातल्या शंका.
वायर. स्विच. पॉवर सप्लाय; पंखा तर फिरतो आहे.
रॅम काढली, खोडरबरनं घासली.
(पोरं हसतात, पण अर्धं नागपूर
दोन रुपयांच्या खोडरबरवर चालू आहे.)
परत बसवली. एक बीप. म्हणजे बोर्ड जिवंत.
काळा पडदा, वरच्या डाव्या कोपऱ्यात
एक पांढरी रेघ लुकलुकते,
दारात उभ्या राहून आत न येणाऱ्या पाहुण्यासारखी.

केबल बदलली. तीच रेघ.
सेटिंगच्या निळ्या पानावर डिस्कचं नाव पाहिलं:
नाव अर्धं, पुढे चौकोन, क्षमता शून्य.
मग कोरडा कूलर बंद केला,
समोरच्या गॅरेजात ओरडलो,
"इस्राईलभाई, दोन मिनिटं हातोडा थांबवा!"
स्क्रू ड्रायव्हरचं टोक डिस्कच्या पाठीवर,
मूठ कानाला.

फिरते. सूर धरते.
मग टक्.
टक्.
टक्.
आणि मोटर थांबते, जसा कोणी
अर्धा जिना चढून विसरतो
कशाला निघालो होतो.

"धोटा अडकला का असाच आवाज येते,"
बाई म्हणाल्या.
जवळजवळ तसंच, म्हटलं.
आत एक सुई आहे, केसाहून कमी अंतरावर तरंगणारी.
ती आपली सुरुवात शोधते.
सापडत नाही, मागे फिरते, धडकते, परत शोधते.
दर वेळी बटन दाबलं की थोडं खरवडलं जाते.
त्या आपल्या बोटाकडे पाहत राहिल्या.
भाचा हेमराज म्हणाला, "फ्रीजरमध्ये ठेवून पाहू का?"
फ्रीजरमध्ये कुल्फी ठेव, म्हटलं.

आत काय होतं?
अकरा वर्षांचे ग्राफ. करवती काठांचे,
सहा घरांचा दात, आठ घरांचा दात,
सासूच्या कागदांवरून एकेक चौकोन भरलेले.
कागद वाळवीनं केव्हाच नेले.
"दुसरी कॉपी कशाले? कॉम्प्युटरात होते ना!"
हे वाक्य मी आठवड्यातून चारदा ऐकतो
आणि माझ्या पोरीचे फोटो
अजून एकाच डिस्कवर आहेत.

रात्री, लाइन टिकते तेव्हा,
तिला टेबलावर निजवली,
शेजारी नवी कोरी डिस्क, वरून छोटा पंखा.
तिसऱ्या खेपेला तिनं आपलं पूर्ण नाव सांगितलं.
मी श्वाससुद्धा हळू घेतला.
नियम एकच: सहज वाचता येतं ते आधी घे.
अडलं तिथं हट्ट नको, पुढे जा,
मागाहून उलट्या बाजूनं ये.
माणसांशी मला हे कधी जमलं नाही.

साडेतीनला ती गप्प झाली.
टक्‌सुद्धा नाही.
एकेचाळीस टक्के.

सकाळी एकेक फाईल उघडून दाखवली.
बहुतेक रिकाम्या. एक काठ मधोमध तुटलेला,
डावीकडे दात, उजवीकडे नुसता करडा रंग.
तीनशे रुपये कसे मागावे, मी विचार करत होतो.
बाईंनी चष्मा पुसला, काचेवर बोट टेकवून घरं मोजली.
"एवढा दात आला ना? मग झालं.
बाकीचे याच्यासारखेच.
उलटा धरला का दुसरी बाजू."

मग पदराची फाईल आली.
पदराला उलटी बाजू नसते.
तिथं त्या काही बोलल्या नाहीत.

जाताना म्हणाल्या,
"कोरा ग्राफ छापून दे. शंभर पानं."
माझा प्रिंटर जुना,
दर सातव्या पानावर एक रेघ सोडतो.
सांगितलं तसं.
त्यांनी पानं मोजून घेतली,
सातवंही काढलं नाही.